पाहण्याचा विवेक

एखाद्या वस्तूचे सौंदर्य जगाला दाखविण्यासाठी तिला आपण किती धक्का लावावा? प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु ज्याला दुसऱ्याच्या जीवनाविषयी काही सांगावयाचे आहे, अशा प्रत्येकापुढे तो केव्हा ना केव्हा उभा राहतो. त्याचा विचार एका दूरदेशीच्या उदाहरणावरून करू.

अमेरिकेच्या ईशान्येस व्हरमाँट नावाचे राज्य आहे. हिवाळ्याच्या आरंभी तेथे पहिले हिम पडते, तेव्हा माळावरची रानफुले उभ्या उभ्या वाळलेली असतात. रानगाजराचा छत्रीसारखा फुलोरा आत मिटून पक्ष्याच्या घरट्यासारखा झालेला असतो आणि त्यात चिमूटभर हिम साचते. छायाचित्रकार गुडघे टेकतो व कॅमेऱ्याचे भिंग अगदी जवळ नेतो. इतक्या जवळून जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट उमटतो. झुळूक आली तर चित्र बिघडते. श्वासाच्या उबेनेही हिमकण विरघळतात.

येथेच मोह उत्पन्न होतो. काडी मोडून आडोशाला न्यावी, मध्ये येणारे शेजारचे झुडूप उपटावे. ‘हे तर मेलेलेच आहे!’ असे मन समजावते.

पण ते खरोखर मेलेले असते काय? त्या घरट्यात पुढील वर्षाचे बी असते. शेजारच्या गोल्डनरॉडच्या वाळल्या दांड्यावर गोटीएवढी गाठ दिसते; तिच्या पोटात एका माशीची अळी हिवाळा काढीत असते. ग्लिसरॉलसारख्या द्रव्यांच्या योगाने ती गोठूनही मरत नाही आणि वसंतात माशी होऊन बाहेर पडते. ज्याला आपण काटकी म्हटले, ते कोणाचे तरी घर होते.

कोणी म्हणेल, हरणे अशा शेकडो काड्या मोडतात; एकीने काय होणार? खरे आहे. परंतु हरीण भुकेपोटी मोडते, आणि आपण या सौंदर्याचे साक्षी आहोत असा दावा ते करीत नाही. साक्षीदारानेच पुरावा हलविला, तर साक्षीला अर्थ उरत नाही.

त्याच राज्यातील जेरिको गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले. १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने अशी पाच हजारांहून अधिक चित्रे जमविली. स्फटिक उठून दिसावा म्हणून तो काचेवरील प्रतिमेभोवतीचा लेप चाकूने खरवडून काढी. यात असत्य होते काय? माझ्या मते, केलेला बदल सांगितला असता तो दोष राहत नाही. तथापि येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. चित्राला हात लावला तर ते सांगून दोष फिटतो. वस्तूला हात लावला तर कितीही सांगितले तरी मोडलेली काडी सांधत नाही. पहिले ऋण पाहणाऱ्याचे, दुसरे त्या वस्तूचे. आणि दुसरे फेडण्याची संधी एकदाच मिळते.

म्हणून जो जितका जवळ जाईल, त्याने तितके स्वतःला आवरले पाहिजे. देवाला वाहिलेले फूल सुकले तरी आपण ते पायदळी येऊ देत नाही. माळावरचे फूल कोणी वाहिलेले नसते. म्हणून त्याची मर्यादा राखणारे कोणी नाही, पाहणाऱ्यावाचून. त्याच्यापुढे क्षणभर रोखलेला श्वास चित्रासाठी आवश्यक असतो, हे खरे. पण त्या फुलाचा मान त्याहून वेगळ्या रीतीने राखता येईल, असे वाटत नाही.