पापाचे वाटेकरी

पाचगणी मागे पडली की पसरणी घाट सुरू होतो. वळणांवरून खाली वाई दिसते आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. मी महाबळेश्वरची. शाळेची सहल, कॉलेजला जाताना आईनं बांधून दिलेले डबे, लग्नाची खरेदी, सगळं याच घाटातून खाली गेलं. ऑगस्ट २०१६ नंतर मात्र ते पाणी दिसलं की गाडीत कुणीतरी म्हणतंच, "इथलाच ना तो डॉक्टर?"

तो म्हणजे संतोष पोळ. डॉक्टर म्हणून वावरायचा. जून २०१६ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत काम करणाऱ्या मंगल जेधे बेपत्ता झाल्या. ऑगस्टमध्ये पोळला अटक झाली आणि तपास मागे मागे जात २००३ पर्यंत पोचला. आरोप सहा खुनांचा : पाच बायका, एक पुरुष. धोमच्या त्याच्या जागेत जमीन उकरून मृतदेह बाहेर काढले गेले. त्याच्यासोबत एक तरुण नर्सही पकडली गेली, ज्योती मांढरे. बातम्यांनी तिला त्याची प्रेयसी म्हटलं. पुढं ती माफीची साक्षीदार झाली आणि त्याच्याविरुद्ध उभी राहिली. पोळला मी इथे आरोपीच म्हणणार आहे. दोषी ठरवणं न्यायालयाचं काम.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलच्या मेसमध्ये आठवडाभर हाच विषय. पोळबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर कुणी फार बोलायचंही नाही. भांडण व्हायचं ते ज्योतीवरून. एक गट म्हणायचा, "बिचारी, त्यानं नादी लावली असेल." दुसरा म्हणायचा, "बाई असून असं?" मी पहिल्या गटात होते. आज वाटतं, दोन्ही गट तिला पूर्ण माणूस समजतच नव्हते. एकाला ती बाहुली वाटत होती, दुसऱ्याला चेटकीण. स्वतःचं डोकं वापरून 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकणारी नर्स कुणालाच दिसत नव्हती. आणि मंगल जेधे कोण होत्या, हे तर कुणी विचारलंच नाही.

जोडीनं केलेल्या गुन्ह्यात आपण सगळे हेच करतो. दोघांपैकी एकाला राक्षस ठरवतो आणि दुसऱ्याला प्रेमात आंधळं. मग गोष्ट सोपी होते. न्यायालयाला मात्र ती इतकी सोपी करता येत नाही.

७ मे २००८. मुंबईत मालाडच्या एका फ्लॅटमध्ये नीरज ग्रोवर या टीव्ही क्षेत्रात काम करणाऱ्या तरुणाचा जीव गेला. फ्लॅट मारिया सुसाईराजचा. तिचा होणारा नवरा, नौदलातला लेफ्टनंट एमिल जेरोम मॅथ्यू, कोचीहून विमानानं आला होता. त्यानं नीरजला तिथं पाहिलं आणि चाकू चालवला. त्यानंतर दोघांनी मिळून मृतदेहाचे तुकडे केले, पिशव्यांत भरले आणि मनोरच्या जंगलात नेऊन जाळले. पुढं मारिया नीरज हरवल्याची तक्रार द्यायलाही गेली. २०११ च्या निकालात जेरोमला सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षं झाली. मारियाला फक्त पुरावा नष्ट केल्याबद्दल तीन वर्षं, आणि ती तिनं खटला चालू असतानाच भोगली होती. ती लगेच सुटली. लोक खवळले.

कायद्यात अशा वेळी 'सामाईक इरादा' बघतात. जुन्या दंड संहितेत कलम ३४, आता न्याय संहितेत कलम ३(५). दोघांचा इरादा एक असेल तर वार कुणी केला याला महत्त्व उरत नाही. दोघांनीही ते कृत्य एकट्यानं केलं असं धरलं जातं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबले. कायदा गुन्ह्याचे दोन भाग करत नाही, तो प्रत्येकाच्या पदरात पूर्ण गुन्हा टाकतो. ग्रोवर प्रकरणात मारियाचा खुनाचा इरादा सिद्ध झाला नाही, म्हणून तिच्या पदरात खून पडला नाही. पण नंतर जे झालं त्यात ती पूर्ण होती.

दुसरं टोक कॅनडात दिसतं. पॉल बर्नार्डो आणि कार्ला होमोल्का, नवरा-बायको. कोवळ्या मुलींचे खून. कार्लानं १९९३ मध्ये सरकारी पक्षाशी करार केला : नवऱ्याविरुद्ध साक्ष देते, मला बारा वर्षं द्या. नवऱ्याच्या मारहाणीत पिचलेली बायको म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं. करार झाल्यावर, पुढच्या वर्षी, त्या दोघांनी स्वतःच केलेल्या चित्रफिती तपास यंत्रणेच्या हाती आल्या आणि तिचा सहभाग सांगितला होता त्याहून कितीतरी जास्त होता हे दिसलं. करार मोडता आला नाही. ती २००५ मध्ये बाहेर आली. म्हणून काही प्रत्येक माफीची साक्षीदार खोटी ठरत नाही. अशा साक्षीशिवाय कित्येक खून जमिनीतच राहतील. मला एवढंच दिसतं की 'मी प्रेमात होते, मी घाबरले होते' हे खरं असतानाही 'मी केलं' हेही खरं असू शकतं. नवऱ्याचा मार खाणं आणि कुणाच्या तरी मुलीला मारणं, ही दोन वेगळी खाती आहेत.

हे सगळं मी रात्री जागून का वाचत बसले, ते सांगते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आम्ही माहेरून पुण्याला निघालो होतो. रविवारची रात्र, धुकं, दुसऱ्या दिवशी दोघांनाही ऑफिस. गाडी नवरा चालवत होता. पसरणी घाटात एका वळणावर समोरून दुचाकी आली. आमचा उजवीकडचा आरसा खाडकन मिटला. मागे वळून पाहिलं तर कठड्याजवळ एक दिवा आडवा दिसला. आडवा. नवऱ्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चल. खाली थांबू."

खाली आम्ही थांबलो नाही. खेड शिवापूरच्या टोलपर्यंत कुणी बोललं नाही. टोलवर तो म्हणाला, "आपण थांबायला हवं होतं." मी म्हणाले, "हो, आपण थांबायला हवं होतं." आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर साताऱ्याच्या बातम्या शोधल्या. काही सापडलं नाही. आरसा दुरुस्त केला, पैसे निम्मे-निम्मे ॲपवर टाकले, जसं आम्ही सगळ्याचं करतो.

खुनाशी याची तुलना करत नाहीये. पण त्या क्षणी जे झालं त्याची घडण मला ओळखीची वाटली. मी कामावर रोज बघते. आमच्याकडे एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासून मंजूर केल्याशिवाय पुढं जात नाही. दोन डोक्यांनी चूक पकडली जावी, एवढाच हेतू. पण कोड जवळच्या मित्राचा असला की तपासणारा वरवर पाहून 'ठीक आहे' लिहितो. लिहिणारा म्हणतो, त्यानं तपासलंय. तपासणारा म्हणतो, लिहिणाऱ्याला माहीत असेलच. दोन सह्या होतात आणि एकही नजर पडत नाही. त्या रात्री तो माझ्याकडे बघून मोकळा झाला आणि त्यानं नेलं म्हणून मी मोकळी झाले. एकटा असता तर तो थांबला असता. एकटी असते तर मीही थांबले असते, असं वाटतं. प्रेमानं आम्हाला वाईट केलं नाही. प्रेमानं आम्हा दोघांनाही 'नाही' म्हणण्याच्या कामातून सुट्टी दिली.

आणि मग आमच्या भाषेतला तो शब्द. 'आम्ही'मध्ये ऐकणारा बाहेर असतो. 'आपण'मध्ये तो आत येतो. लग्नात सगळ्यात गोड शब्द हाच. आपलं घर, आपण जाऊ, आपण बघू. पण 'आपण थांबायला हवं होतं' या वाक्यात न थांबणारं माणूस कुठे आहे? सापडत नाही. जोडीचे गुन्हे मला आता या शब्दाच्या आत घडताना दिसतात. पोलीस येईपर्यंत 'आपण', आणि पोलीस आले की 'तो' आणि 'ती'. मधला 'मी' कुणी उच्चारतच नाही.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. नारद त्याला विचारतात, ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का? तो घरी जाऊन विचारतो. बायको म्हणते, नाही. शाळेत मला ती बाई कृतघ्न वाटायची. आयतं खाल्लं आणि वेळ आल्यावर हात झटकले. आता वाटतं, त्या घरात खरं बोलणारी तीच एक होती. ती 'हो' म्हणाली असती तर वाल्याला केवढा धीर आला असता! रांजणातले खडे मात्र एकानंही कमी झाले नसते. दुसरा रांजण भरायला लागला असता, इतकंच. तिच्या 'नाही'नंच तो जागा झाला. मी त्या रात्री म्हणाले, "चल."

मागच्या महिन्यात मी नवऱ्याला सांगितलं, "तेव्हा चल मी म्हणाले होते." तो लगेच म्हणाला, "अगं, गाडी तर मी चालवत होतो." मला वाटलं होतं तो माझं ओझं थोडं उचलेल. आता त्याचं त्याच्याकडे आहे, माझं माझ्याकडे, आणि दोन्ही पूर्ण आहेत. विचित्र म्हणजे त्या रात्रीनंतर पहिल्यांदा आम्ही त्यावर नीट बोलू शकलो.

गेल्या शनिवारी दोघं घाटात त्या वळणावर थांबलो. थोडं पुढं एक चहाची टपरी आहे. मी चहावाल्यांना महिना सांगितला, रात्र सांगितली, दुचाकीचं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, इथं रोज कोण ना कोण घासतंय. कुणाकुणाचं ध्यानात ठेवायचं?" मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमचं कोण होतं का त्या गाडीवर?"

मी म्हणाले, "नाही. आमची गाडी होती."

नवरा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मी चालवत होतो." चहावाल्यांनी गॅस बारीक केला आणि खाली वाईच्या पोलीस ठाण्यात चौकशी करा म्हणाले. चहा संपवून आम्ही खाली निघालो. वळणावरून धोमचं पाणी दिसलं. या वेळी गाडीत कुणी काही म्हणालं नाही.