यात्रा आणि सहल

वेल्ह्याच्या परिसरांत देवस्थानें एकीकडे आणि निसर्गरम्य स्थळें दुसरीकडे, अशी वांटणी करूं म्हटलें तरी ती करतां येत नाहीं. तोरण्यावर मेंगाई देवीचें देऊळ आहे; राजगडाच्या पद्मावती माचीवर देवी आणि तळें शेजारीं-शेजारीं आहेत; भोरकडील रायरेश्वर तर एका विस्तीर्ण पठारावर वसला आहे. तेव्हां तेथें येणारा मनुष्य देवासाठीं आला कीं देखाव्यासाठीं, हें पुष्कळदां त्याचें त्यालाही सांगतां यावयाचें नाहीं.

तरीही यात्रा आणि सहल यांत एक भेद आहे, व तो आस्तिक-नास्तिक या भेदाहून निराळा आहे. आपण कोणाच्या तरी दारीं आलों आहों, ही जाणीव यात्रेकरूस असते. म्हणून तो वहाणा बाहेर काढतो. जपानांतील शिंतो देवस्थानांतही देवापुढें जाण्यापूर्वीं कुंडावर हात धुण्याची व चूळ भरण्याची रीत आहे. या आचारांत वहाणेचें किंवा पाण्याचें महत्त्व थोडें. येथून पुढें माझी इच्छा हाच कायदा नव्हे, ही कबुली मोठी.

त्या कबुलीचें फळ देवरायांत दिसतें. शिरकोलीस शिरकाई देवीची राई आहे. अशा राईंत कुऱ्हाड चालवूं नये, हा जुना दंडक. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील देवरायांचा अभ्यास केला, आणि भोंवतालचें रान उजाड होत असतांही देवाच्या नांवावर मूळचें अरण्य कसें टिकून राहिलें, हें दाखवून दिलें.

कोणी म्हणेल, हा केवळ भीतीचा प्रताप. ती गेली हें बरेंच झालें. भीति हा कांहीं श्रेष्ठ सद्गुण नव्हे, हें मलाही मान्य आहे. परंतु सावकाराचा शिपाई दारांत येईनासा झाला म्हणून कर्ज फिटत नाहीं. झाड, झरा आणि तेथें राहणारा माणूस यांचें आपण जें देणें लागतों, तें देवीच्या कोपावर कधींच अवलंबून नव्हतें; कोपाच्या धाकानें त्याची वसुली होत होती, इतकेंच.

म्हणून जो देव मानीत नाहीं, त्याची जबाबदारी अधिक. कारण आपली मर्यादा त्यास आपणच घालून घ्यावी लागते. आणि जो मानतो तोही सुटला नाहीं. देवीस नारळ वाहून प्लास्टिकची पिशवी तळ्याकांठीं टाकणाऱ्या भक्तानें दर्शन घेतलें असेल, यात्रा केली नाहीं.

२०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. राजगड त्यांपैकीं एक आहे. पावसाळ्यांत मढे घाटाचा धबधबा पाहण्यास लोटणाऱ्या गर्दींत आतां गडाकडे जाणाऱ्यांचीही भर पडेल. त्यांनीं अवश्य यावें. मात्र आपल्या पश्चात् तेथील माणसास तेंच पाणी प्यावयाचें आहे, एवढें ज्याच्या ध्यानांत राहील, त्याची सहलही यात्राच होय.