वाग्भटाचं नाव, गिरणीचा भोंगा

नवं वर्ष जवळ आलं की मोबाइलवर पहाटेचा बाजार भरतो. चारला उठा, गार पाण्याने आंघोळ करा, वहीत कृतज्ञता लिहा, २१ दिवस खंड पडू देऊ नका. आयुष्य बदललंच म्हणून समजा. सांगणाऱ्याच्या मागे तुळशीची कुंडी, तोंडी ‘आपल्या ऋषिमुनींनी सांगितलेला’ ब्राह्ममुहूर्त. रॉबिन शर्मा यांचं ‘द फाइव्ह ए. एम. क्लब’ २०१८ मध्ये आलं, आणि या मंडळींच्या हाती आयतं सूत्र पडलं. ज्याला पहाटे उठणं जमत नाही तो आळशी, असा निकालही सोबत मिळतो. रातपाळी संपवून सकाळी आठला घरी पोचणारी परिचारिका या हिशेबात आळशीच ठरते.

ठरलेल्या दिनक्रमाने माणसाचं भलं होतं, यात शंका नाही. रोज सकाळी दात घासावेत की नाही यावर कुणी डोकं खपवत नाही, म्हणूनच ते डोकं दुसऱ्या कामाला मोकळं राहतं. शंका आहे ती या दिनक्रमाच्या सांगितल्या जाणाऱ्या वंशावळीबद्दल.

वाग्भटाचं ‘अष्टांगहृदय’ साधारण सातव्या शतकातलं. त्याच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा. ब्राह्ममुहूर्तावर उठावं हे तिथे आहेच, पण ते ‘स्वस्थ’ माणसाला सांगितलेलं. व्यायाम करावा, पण बळकट माणसानेही अर्ध्याच शक्तीने, आणि तोही थंडीत व वसंतात. एरवी त्याहून बेताने. लागलीच तिसरा अध्याय येतो तो ऋतुचर्येचा, आणि दुसऱ्यात बांधलेली घडी तिथे ऋतूप्रमाणे बदलत जाते. ग्रीष्मात व्यायाम टाळावा, दुपारी झोपलं तरी चालेल. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस जुना क्रम हळूहळू सोडत नवा धरावा. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपले हेमाडपंत, यांनी याच ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, तेव्हा मराठी मुलखाला हा ग्रंथ परका नाही. तरी रीळ करणाऱ्यांपर्यंत पोचला तो दुसरा अध्याय. तिसऱ्याची कुणाला आठवण नाही.

ब्राह्ममुहूर्ताचंही तसंच. तो सूर्योदयापासून मागे मोजतात: ९६ मिनिटं आधी सुरू होतो, ४८ मिनिटं आधी संपतो. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या मध्यावर सव्वासातच्या आसपास. म्हणजे जानेवारीत हा मुहूर्त लागतो साधारण पाच चाळीसला. त्या दिवसांत चारचा गजर लावणारा वाग्भटाच्या कितीतरी आधी उठून बसलेला असतो.

दिनक्रम बांधणारे इतर काळांत आणि इतरत्रही होते, याबद्दल फारसा वाद नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांचे दिवसाचे प्रहर प्रार्थनेने आणि श्रमाने बांधून दिले. समर्थांचा पहाटे उठून पाठांतर करण्याचा उपदेश घराघरांत माहीत आहे. तत्त्वज्ञ कांटच्या ठरल्या वेळेच्या फेरफटक्याची गोष्ट सगळेच सांगतात. तरुणपणी पत्ते आणि बिलियर्डमध्ये रमणारा कांट जोसेफ ग्रीन या घड्याळवेड्या इंग्रज व्यापाऱ्याच्या दोस्तीत शिस्तीला लागला, हे मात्र कुणी सांगत नाही. बेंजामिन फ्रँकलिनचं पाचला उठण्याचं वेळापत्रकही भिंतीभिंतींवर लागतं. नीटनेटकेपणाचा आणि वेळेच्या शिस्तीचा गुण आपल्याला सर्वांत जड गेला, ही कबुली त्याच्याच आत्मचरित्रात आहे. ती कुणी भिंतीवर लावत नाही.

मग बारा महिने एकाच ठोक्याला उठण्याची कल्पना आली कुठून? आश्रमात तिचा शोध घेण्यात अर्थ नाही. ती सापडते गिरणगावात.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापली. त्यानंतर कित्येक वर्षं गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. मुंबईत जूनमध्ये उजेड तेरा तासांच्या वर असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास. तेवढी तफावत कामाच्या दिवसातही पडायची. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचं कारण नाही, पिळवणूक होतीच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, यावरून तोवरच्या आठवड्याची कल्पना येईल. तरी सूर्याशी काहीतरी नातं उरलं होतं. विजेचे दिवे आले आणि तेही तुटलं. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी होती. दिव्यांखाली चौदा-पंधरा तास माग चालू लागले. पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणायला १९११ चा कायदा यावा लागला.

याच सुमारास घड्याळही हलवलं गेलं. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. शहराने ती मुकाट्याने घेतली नाही. ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून राहिला. काट्यांचा खेळ वाटेल, पण ज्याला भोंग्याच्या आधी चाळीतल्या सार्वजनिक नळावर रांग लावायची असते त्याच्यासाठी ३९ मिनिटं म्हणजे झोपेचा लचका.

या बदलाचा अर्थ बहुतेकजण उलटा लावतात. औद्योगिक युगाने आपली नियमित दिनचर्या मोडली आणि पहाटे उठून आपण ती परत मिळवतो आहोत, असं म्हटलं जातं. दुसऱ्या बाजूचे अभ्यासू लोक म्हणतात, खेड्यातल्या बेशिस्त माणसाला गिरणीने शिस्त लावली. दोघेही चुकतात. कोकणातून आलेला कामगार पेरणीला, शिमग्याला, गणपतीला गावी जायचा. मालकांच्या दफ्तरी ती गैरहजेरी. भातशेतीच्या हिशेबाने तोच नियमितपणा होता. तो नकळत ऋतुचर्याच पाळत होता. भोंग्याने ती मोडली आणि तिच्या जागी सगळ्या ऋतूंत, सगळ्या शरीरांसाठी एकच वेळ बसवली. आजचं पहाटेचं रीळ हेच सांगतं. भोंगा तेवढा खिशात आला आहे. आणि गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका पहिल्या पाळीच्या डब्यांसाठी किर्र पहाटे चूल पेटवायच्या, तेव्हा त्यांना यशाचं रहस्य विचारायला कुणी गेलं नाही.

२१ दिवसांची कथाही अशीच. मॅक्सवेल मॉल्ट्झ हा प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्याने १९६० च्या पुस्तकात नोंदवलं. पुढे ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधली संख्या ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. शिवाय तिथे सवय बांधलेली होती न्याहारीनंतर, जेवणानंतर अशा प्रसंगांना. रातपाळीवाल्याची न्याहारी संध्याकाळी पाचला असली तरी सवय तिला बांधता येते.

शरीराला लय हवी असते, हे मात्र विज्ञान ठामपणे सांगतं. शरीरातल्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. लय मोडणाऱ्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं, आणि २०१९ मध्ये पुन्हा तोच निष्कर्ष काढला. म्हणजे दिनक्रमाची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे, त्यांचाच दिनक्रम दुसरं कुणी ठरवतं. सुरक्षारक्षकाला उद्याची पाळी आज रात्री फोनवर कळते, परिचारिकेची आठवड्यात दोनदा बदलते. त्यांना पहाटे उठण्याचे धडे देऊन काय होणार? रुग्णालयांनी, सुरक्षा एजन्सींनी, कॉल सेंटरांनी ड्युटीची यादी निदान महिनाभर आधी लावावी, आणि ती मधेच बदलू नये.