आजचं चिंतन : समुद्र, धरण आणि मधली भिंत (गीता २.७०)



चार दिवस चिंतन आलं नाही. मी भंडारदऱ्याला होतो. दोन सायकली, एक तंबू आणि माझा कॉलेजचा रूममेट. आज आपल्या क्रमाने स्थितप्रज्ञाच्या लक्षणांतला ७० वा श्लोक येतो. इतकी वर्षं तो वाचला की डोळ्यांसमोर समुद्र यायचा. या वेळी धरण आलं.

आधी अर्थ बघू. सगळीकडून पाणी येऊन मिळत असतं, तरी समुद्र आपली जागा सोडत नाही. तसे सगळे विषय ज्याच्यात येऊन विरून जातात, त्याला शांती मिळते. त्यांच्या मागे धावणाऱ्याला नाही. माउली याची दुसरी बाजूही दाखवतात. पावसाळ्यात नद्या भरून आल्या म्हणून समुद्र वाढत नाही, आणि उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून कमीही होत नाही.

आता भंडारदरा. सायकली लोकलच्या लगेज डब्यात घालून आम्ही कसाऱ्याला उतरलो आणि घाट चढायला लागलो. मी पुढे, तो मागे. हातातलं घड्याळ वेग दाखवत होतं, तो आकडा खाली येऊ द्यायचा नाही एवढंच डोक्यात. इगतपुरीत माझे दोन चहा झाले, तेव्हा हा सायकल ढकलत आला. पंक्चर.

"अरे, किती हाका मारल्या तुला!"

मला ऐकूच आल्या नव्हत्या. कानात इअरफोन होते आणि त्यात हरिपाठ चालू होता. (घाटात ट्रकांच्या मधून इअरफोन घालून सायकल चालवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, तो वेगळा मुद्दा.)

तिथून घोटी, मग कळसूबाईच्या पायथ्याचं बारी, आणि संध्याकाळी शेंडी. दुसऱ्या दिवशी मुतखेलवरून पाण्याच्या कडेकडेने रतनवाडीला पोचलो. अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, पुष्करणीच्या पायरीवर जरा टेकलो आणि पाण्यापासून थोड्या अंतरावर तंबू लावला. जेवण गावातल्या एका मावशींकडे, पिठलं-भाकरी. झाडं आणि पाणी यांच्यामध्ये तपकिरी, उघड्या मातीचा रुंद पट्टा दिसत होता. मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "दिवाळीला पाणी पार त्या जांभळीपाशी होतं. खाली आवर्तन सोडलं की उतरतंय."

रात्री तंबूत मित्र बोलायला लागला. त्याची नोकरी जाऊन सहा महिने झालेत. आम्ही एकाच कंपनीत होतो. ती यादी आली, त्यात त्याचं नाव होतं, माझं नव्हतं. त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटलो. वाईट वाटायला दोन तास लागले. नंतर सहा महिन्यांत मी त्याला तीन फॉरवर्ड पाठवले. त्यातलं एक याच स्थितप्रज्ञाच्या श्लोकांवरचं माझंच चिंतन होतं. फोन एकही केला नाही. मनाला सांगत होतो की त्याला त्याची स्पेस देऊ, आपण समभाव ठेवू.

मी त्याला म्हणालो, "पण तू किती शांतपणे घेतलंस सगळं."

तो म्हणाला, "शांत कुठला रे, दमलोय. घरी बाबांना अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतो."

मला काही सुचलं नाही. ज्ञान द्यायची सवय इतकी की तेव्हासुद्धा तोंडात श्लोकच आला होता. तो तेवढा गिळला, हे बरं झालं.

पहाटे बाहेर आलो. पाणी एकदम स्थिर, काचेसारखं. रतनगड त्यात उलटा दिसत होता. वाटलं, हीच ती अचल प्रतिष्ठा. आणि मग मावशींचा तो मातीचा पट्टा दिसला. हे पाणी थांबलंय, कारण तिकडे शेंडीला १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण उभं आहे. भिंतीने अडवलेलं सुमारे ११ टीएमसी पाणी. दार उघडलं की उतरतं, पाऊस आला की चढतं.

माझा समभाव हा असाच होता. रेटिंग चांगलं आलं की चढायचं, बॉसचा मेल आला की उतरायचं, आणि दुसऱ्याचं दुःख येताना दिसलं की भिंत. श्लोकातला शब्द नीट बघा: आपूर्यमाण. सतत भरलं जात असलेलं. समुद्राला भिंत नाही. तो एकाही नदीला बाहेर ठेवत नाही, गढूळ असली तरी.

आणि हे सगळं सांगणारे भगवंत कसे वागले? पहिल्या अध्यायात ते जेमतेम एक वाक्य बोलतात. अर्जुनाचं रडणं, धनुष्य टाकणं, सगळं होऊ देतात. खरा उपदेश सुरू होतो तो दुसऱ्या अध्यायाच्या ११ व्या श्लोकापासून. मी मात्र थेट ११ व्या श्लोकाचं फॉरवर्ड पाठवून मोकळा झालो होतो.

त्या दिवशी रतनगड चढलो. शिड्यांवरून उतरताना माझे पाय लटपटायला लागले. मित्र खालून सांगत होता, "डावा पाय खाली घे. अजून. आला बघ." घड्याळ मी बॅगेत टाकलं होतं. वर नेढ्यात वाऱ्यात बसलो होतो तेव्हा सगळा जलाशय दिसत होता. प्रवरा याच गडावर उगम पावते. धरणातून सुटून ती नेवाशाला जाते, जिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० ला, माउलींनी खांबाला टेकून ही समुद्राची उपमा उलगडली. पुढे ती गोदावरीला मिळते, आणि गोदावरी समुद्राला.

परतताना मित्राने इगतपुरीहून वडिलांना फोन लावला. मी शेजारी उभा होतो. काय बोलणं झालं ते त्याचं त्याच्यापाशी.

गुरुवारी त्याचा इंटरव्ह्यू आहे. बुधवारी रात्री मी त्याची मॉक घेणार आहे, त्यामुळे गुरुवारचं चिंतन उशिरा येईल. उद्या श्लोक ७१.

राम कृष्ण हरी.