लॉगिनचं प्रारब्ध

वाशिम जिल्ह्यातल्या कार्यालयांचे संगणक मी सांभाळतो. सकाळी पासवर्ड टाकला की पडदा अडकतो, आणि खिडकीबाहेर रिसोड-मानोऱ्याहून एसटीने आलेली माणसं ताटकळतात. "प्रारब्ध आपलं," कुणीतरी म्हणतं. मला ते पटत नाही.

कर्म तीन प्रकारचं: संचित, प्रारब्ध, क्रियमाण; पैकी प्रारब्ध भोगूनच संपतं, असं वेदान्त सांगतो. पण एका कार्यालयात मी पाहिलं: केव्हाच काढून टाकलेल्या सर्व्हरवरचा ड्राइव्ह लॉगिन स्क्रिप्टमध्ये तसाच राहिलेला, संगणक रोज त्याला हाका मारतोय. दुसरीकडे डीएनएसमध्ये कार्यालयातल्या सर्व्हरऐवजी ८.८.८.८ हा बाहेरचा, सार्वजनिक पत्ता. त्या बाहेरच्याला आतला डोमेन कंट्रोलर कसा ठाऊक असणार?

जुनं कर्म आहे खरं, पण करणारा बदली होऊन गेला. भोगतो रांगेतला शेतकरी. न केलेल्याचं फळ पदरी पडणं, अकृताभ्यागम, हा आपल्या दार्शनिकांनी दोषच मानला. कर्मसिद्धान्त उभाच मुळी तो टाळण्यासाठी. मग हे ताटकळणं त्या शेतकऱ्याच्या खात्यावर कसं लिहायचं? संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कारण बहुधा वेळेसकट नोंदलेलं असतं. ते न वाचता दैवाचं नाव घेणं मला अधर्म वाटतो. सोमवारी मंगरूळपीरला जातोय, तिथल्या सगळ्या स्क्रिप्ट तपासायला.