मॅडमना काय वाटेल?

'दुसऱ्या डॉक्टरांना विचारू या' असं म्हटलं, की आपल्या घरात पहिला प्रश्न आजाराबद्दल येत नाही, नात्याबद्दल येतो. "अगं, मॅडमना काय वाटेल?" आईने मला हेच विचारलं. वय ४६, गर्भाशयात गाठ, पाळीत भरपूर रक्तस्राव. माझं बाळंतपण ज्या मॅडमनी केलं, त्याच म्हणाल्या होत्या, "दोन मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? काढून टाकू." अशा वेळी दुसरीकडे जाणं आईला कृतघ्नपणाचं वाटत होतं.

पण शंका घेतली म्हणजे विश्वास तुटला, असं असतं का?

मॅडमच्या त्या सल्ल्यात दोन गोष्टी मिसळल्या होत्या. गाठ किती सेंटीमीटरची आहे, हे ज्ञान. त्यावर आम्ही विश्वास ठेवलाच. 'आता काय काम?' हे मात्र सोनोग्राफीत दिसत नाही. ते मत आहे, आणि तेही दुसऱ्याच्या शरीराबद्दलचं. आपला शब्दच बघा ना : पिशवी. रिकामी झाली की टाकून द्यायची वस्तू.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांना खोटं पाडलं नाही. ऑपरेशन चुकीचं नाही, पण तो एकच मार्ग नाही, असं त्या म्हणाल्या. गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे, कधीकधी नुसती गाठ काढता येते. पाळी गेल्यावर अशा गाठी बहुतेक वेळा आक्रसतात. आणि गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयंही काढली, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात, हाडांची झीज वाढते.

आईने सहा महिने औषधं घेतली. रक्तस्राव आटोक्यात आला नाही. शेवटी तिने पहिल्याच मॅडमकडे ऑपरेशन केलं. अंडाशयं ठेवायची, हे मात्र आधीच स्पष्ट सांगितलं आणि मॅडमनी ते मान्य केलं.

"मग सहा महिने फुकटच गेले की!" मामा म्हणाला. मला तसं वाटत नाही. आधी आईचं ऑपरेशन झालं असतं. आता आईने ते करून घेतलं.

हा फरक कोर्टानेही मानला आहे. १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांच्या एका बाईने फक्त दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही संमती अवैध ठरवली. शस्त्रक्रिया तिच्या भल्याची होती, हा बचावही चालला नाही.

तरी एक गोष्ट मला टोचते. आमच्याकडे शंका घ्यायला पैसे होते, वेळ होता. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांना शंका आली नसेल, असं मी म्हणणार नाही. पण मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. 'नाही काढली तर कॅन्सर होईल' असं कुणी म्हटलं, तर ते खरं की खोटं हे विचारायला दुसऱ्या गावी कोण जाणार?

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क आहे, आपले रिपोर्ट मिळण्याचाही आहे. पण हक्क बजावायचा धीर पेशंटनेच का गोळा करावा? घाई नसेल, तर शरीराचा अवयव काढायला सांगणाऱ्या डॉक्टरांनीच फाइल हातात देऊन म्हणावं, "अजून एकांना दाखवून या." सरकारी दवाखान्यात ते दुसरं मत फुकट आणि जवळ मिळावं. तोपर्यंत आपल्या आईला, मावशीला, कामावर येणाऱ्या ताईंना कुणी 'पिशवी काढा' म्हणालं, तर सोबत जायला आपण एक दिवस सुट्टी काढू शकतो.