नासवंत तास

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीच्या एखाद्या आंबा बागायतदाराच्या पडवीत रात्री नऊ-साडेनऊला डोकावून बघा. ट्यूबलाइटखाली पेंढा पसरलेला असतो. सकाळी झेल्याने उतरवलेला, चौदा आणे तयार झालेला हापूस वजनाप्रमाणे वेगळा होत असतो. एक जण डझन मोजतो, दुसरा पेट्यांवर मार्का मारतो, घरची सून मधूनच चहा आणून ठेवते आणि जाता जाता चार आंबे पुसून देते. पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोचायचं असल्यामुळे गाडी इंजिन सुरू ठेवून फाटकात उभी. सकाळी सातला कामाला लागलेली माणसं अजून तिथेच आहेत, आणि ‘ओव्हरटाइम’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघत नाही. आंबा थांबत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

जादा कामाचं याहून प्रामाणिक कारण मला माहीत नाही. आमचा जिल्हा दोन नासवंत गोष्टींवर जगतो, आंबा आणि मासळी, आणि नासवंत मालाला आठ तासांचा दिवस कळत नाही. मिरकरवाड्याला रात्री बोट लागली आणि तिच्यात चांगली कोळंबी असली, तर बर्फ, टेम्पो, सोलणारे हात, सगळं तेव्हाच हवं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. राणी माशाचा लगदा करून त्याची सुरिमी बनवायची, तर मासा ताजा असतानाच ती करावी लागते. उद्या सकाळी बघू म्हणाल, तर उद्या सकाळी बघायला काही उरत नाही.

गंमत म्हणजे कायद्यालाही हे ठाऊक होतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला लावायला मनाई केली, आणि त्याच कलमात एक फट ठेवली. मासळी खारवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांतल्या बायकांना, कच्चा माल खराब होऊ नये म्हणून, राज्य सरकार सूट देऊ शकेल. अख्ख्या देशातल्या कारखान्यांचा विचार करताना कायदा करणाऱ्यांना मासळी वेगळी काढावीशी वाटली! हंगामी आणि निसर्गाच्या लहरीवर चालणाऱ्या उद्योगांसाठीही वेळेच्या नियमांत सवलती होत्या. कायदा आडमुठा नव्हता. माल नासतो, हे त्याने मान्य केलं होतं. बाई किती वाजता दमते, हे मात्र त्या सवलतीच्या ओळीत लिहिलेलं नव्हतं.

म्हणून जादा कामाच्या बऱ्यावाईटाचा विचार करताना मी फायदे-तोट्यांचे दोन रकाने आखत नाही. एकच प्रश्न विचारतो: मी आत्ता उठून घरी गेलो तर नक्की काय नासेल?

हा प्रश्न कचेरीत विचारून बघा. फाइल नासत नाही. एक्सेलची शीट बर्फात ठेवावी लागत नाही. तरीही पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेली आमच्याकडची पोरं रात्री अकराला मोबाइलवर ‘हो सर, करून टाकतो’ म्हणत असतात, आणि त्या तासांना दुप्पट सोडाच, एकपट पैसेही नसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांच्या बोलण्यातून ९० चा आकडा पुढे आला. या लिलावात वरची बोली कोण लावणार, म्हणून लोक हसले. मला त्यातली मेख वेगळीच वाटते. बागायतदाराची घाई जूनच्या पहिल्या पावसाला संपते. ज्या कामाला मोसम नाही, त्याची घाई कधी संपायची?

आणि देह काही त्या घाईला कायमचा पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करण्याशी जोडता येतील असे पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७,४५,००० होते. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. सुरिमी हा शब्द जपानी, आणि कामाच्या अतिरेकाने येणाऱ्या मरणासाठीचा ‘करोशी’ हा शब्दही जपानीच. पहिला शब्द आम्ही कारखान्यासह घेतला. दुसऱ्यासाठी जपानला अखेर कायदा करावा लागला. २०१९ पासून तिथे जादा कामाला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा आली.

आपल्याकडे मर्यादेचा इतिहास जुना आहे आणि त्यात रत्नागिरीचा वाटा मोठा आहे, कारण मुंबईच्या गिरण्यांत सर्वांत जास्त माणसं याच जिल्ह्यातून गेली. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा झालेला नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मालकांना सूर्यास्ताची अडचण उरली नाही. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. पुढे तो उतरत आला तो इंचाइंचाने. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तास ठरवले, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ५४. मग १९४६ मध्ये ४८ झाले, आणि ते विधेयक व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री या नात्याने मांडलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या हजारो माणसांचे आठवड्यातले सहा तास त्यांनी परत मिळवून दिले, हे आम्ही जयंतीच्या भाषणांत फारसं सांगत नाही.

मग ४८ च्या वर काम घ्यायचं झालं तर? १९४८ च्या कायद्याचं ५९ वं कलम सांगायचं, दुप्पट दर. हे दुप्पट कशासाठी आहे, याबद्दल आपला मोठा गैरसमज आहे. कामगाराला ते बक्षीस वाटतं. माझ्या मते तो मालकावरचा दंड आहे. जादा तास इतका महाग करायचा की त्यापेक्षा आणखी एक माणूस कामाला घेणं मालकाला परवडावं. त्याच कायद्यात जादा कामाला तिमाहीत सर्वसाधारणपणे ५० तासांची मर्यादा होती. महाराष्ट्रात ती वाढत ११५ वर आली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १४४ करायला आणि रोजच्या कामाचे तास ९ वरून १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली. अट अशी, की कामगाराची लेखी संमती हवी. संमती हा फार सभ्य शब्द आहे. घराच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला जाणार असेल, तर कोणता गडी असंमतीचा कागद लिहून देईल?

पण दंड आणि बक्षीस यांतला फरक आम्ही विसरलो याचा दोष सगळा मालकांवर घालता येत नाही. त्यात आमच्या घरांचाही हात आहे. माझे थोरले काका लालबागला एका गिरणीच्या साचेखात्यात होते. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की ते ‘डबल मारायचे’. सुरुवातीला ते पैसे खरोखर वरचे होते. गावच्या पडवीची कौलं बदलायची, बहिणीच्या लग्नाला हातभार लावायचा, अशा नेमक्या कामांचे. मग मनीऑर्डरचा आकडाच त्या पैशांसकट ठरू लागला. जो महिना डबलचा नसे, त्या महिन्यात गावाहून पत्र यायचं, ‘या खेपेस कमी का?’ जादा म्हणून आलेलं मूळ होऊन बसलं. काकांनी काम नाकारलं असतं तर पगार कापल्यासारखं झालं असतं, मालकाने नव्हे, आम्हीच कापल्यासारखं.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या डबलांवर आमच्या घरात तीन पोरं शिकली, त्यांतला एक मी. जादा काम सरसकट वाईट म्हणणारे लोक बहुधा ज्यांना त्याची गरज कधी पडली नाही असे असतात. आजारपण निघालं, सावकार दारात आला, तर चार जादा पाळ्या हा गरिबाच्या हातातला एकमेव मार्ग असतो, आणि तो बंद केला तर माणूस घरी झोपणार नाही, रात्री दुसरीकडे रिक्षा चालवेल. उलट बोटीवरच्या खलाशाकडे बघा. त्याचा वाटा मासळीवर ठरतो. जाळं रात्री दोनला ओढा की दुपारी, दुप्पट दराचा प्रश्नच नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद झाली की त्याची विश्रांती सुरू होते आणि कमाई थांबते. ओव्हरटाइम मिळणं हासुद्धा एक हक्क आहे, आणि तो रत्नागिरीत फार थोड्यांना आहे.

काका निवृत्त झाले तेव्हा फंडाचा हिशेब बघून त्यांनी दोनदा चष्मा पुसला. त्यांना कोणी फसवलेलं नव्हतं. भविष्यनिर्वाह निधी कापताना ओव्हरटाइमचे पैसे धरतच नाहीत, ग्रॅच्युइटीतही नाही. तीस वर्षांतल्या शेकडो रात्री कागदावर कुठेच नव्हत्या. ‘मग ते गेलं कुठं?’ त्यांनी विचारलं. काकी म्हणाली, ‘गावच्या घरात.’

ते खरंच होतं. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं ते घर चांगल्या चिऱ्याचं आहे, वर मंगलोरी कौलं, पुढे ऐसपैस खळं. काका तिथे राहिले सलग चार वर्षं, फक्त शेवटची. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या माणसांनी वर्गणी काढून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते माजघरात लावलेलं आहे. आता घर उघडतं ते गणपतीत, पाच दिवस. आम्ही जातो, जाळी झाडतो, घड्याळात नवा सेल घालतो आणि मोबाइलवर बघून वेळ लावतो. निघायच्या दिवशी शेवटी कुलूप लावण्याआधी मी तो सेल आठवणीने काढून ठेवतो. आत राहिला तर पुढच्या गणपतीपर्यंत गळतो.